टेस्ट पास, बिल नापास!

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत आजवर मी लिहिलेला सर्वात मोठा मजकूर म्हणजे दहावीतला 'पावसाळ्यातील एक दिवस', आणि तोही पाठ केलेला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर मराठी विभागाच्या संपादकांना धरावे, मला नाही. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. ज्यांच्यामुळे तो सुचला ते आपल्या मेसचे काका, आणि तो त्यांनी स्वतः वाचावा अशी माझी इच्छा आहे. इंग्लिश सेक्शनमध्ये दिला असता तर त्यांना कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागला असता, आणि माझी चूक मला तिसऱ्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचवायची नाही.

होस्टेलवाल्यांना 'खाडा' म्हणजे काय ते सांगायला नको. पण स्टाफपैकी बऱ्याच जणांना घरी गरम पोळी मिळते, म्हणून थोडक्यात सांगते. सलग तीन किंवा जास्त दिवस मेसला जेवायचं नसेल आणि आदल्या रात्री आठच्या आत वहीत नाव लिहिलं असेल, तर तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होतात. महिन्याचे तीन हजार, दिवसाचे शंभर, एका वेळेचे पन्नास. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून रविवारचा अर्धाच खाडा. हा सगळा हिशोब काका एका लांबट लाल वहीत ठेवतात आणि महिनाअखेरीला बोटांवर मोजून बेरजा मारतात.

टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघांनी 'मेस मॅनेजमेंट सिस्टिम' घेतली. (दरवर्षी एक तरी ग्रुप हाच विषय घेतो, मान्य. आमचं वेगळेपण इतकंच की आम्ही ती खरोखरच मेसमध्ये चालवली. न चालवती तर बरं झालं असतं असं मध्ये काही दिवस वाटत होतं.) भाषा पायथन, फ्रेमवर्क जँगो. ग्रुपमधल्या एकाला सगळे 'लातूर' म्हणतात, कारण तो लातूरचा. त्याच्याकडे मॉडेल आलं. मॉडेल म्हणजे प्रोग्रॅमचा तो भाग, ज्याला डेटाबेसमधल्या नोंदी ओळखता येतात आणि त्या नोंदींचे नियमही माहीत असतात. अमुक विद्यार्थ्याचे या महिन्याचे खाडे किती, हे मॉडेलच्या मेथडला विचारायचं. ते ऐकून बिल बनवणारा कोड माझ्याकडे होता. आणि सगळ्या प्रोजेक्टच्या ऑटोमेटेड टेस्टसुद्धा मीच लिहिणार होते, कारण माझं अक्षर चांगलं आहे. (हे कारण ग्रुपने खरंच दिलं होतं!)

ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे आपल्या कोडची ओरल घेणारा दुसरा छोटा कोड. तीस दिवसांचा महिना, खाडे चार, तर बिल दोन हजार सहाशे यायला हवं. आलं तर शेवटी हिरवी ओळ, नाही आलं तर लाल. माझी अडचण अशी झाली की लातूरची खाडे मोजणारी मेथड तेव्हा तयारच नव्हती. त्याने तिचं नाव लिहून आत नुसतं 'पास' एवढंच टाकून ठेवलं होतं. मग मी तेच केलं जे जगात सगळे करतात. मी ती मेथड 'स्टब' केली.

स्टब म्हणजे काय? प्रॉक्सी! सर पुकारतात, "रोल नंबर बेचाळीस", बेचाळीस नंबर रूमवर झोपलेला असतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी आवाज बदलून "येस सर" म्हणतो. सरांना हवं ते उत्तर मिळतं, हजेरी लागते. माझ्या टेस्टमध्ये तशीच एक ओळ होती. विद्यार्थ्याला 'खाडे किती?' असं विचारलं की आत डेटाबेसमध्ये काही न बघता त्याने 'चार' म्हणायचं. स्टबचा थोरला भाऊ मॉक. तो उत्तर तर देतोच, शिवाय आपल्याला किती वेळा आणि काय म्हणून हाक मारली हे लक्षात ठेवतो, आणि मग टेस्टचं पास-नापास त्यावर ठरतं. मॉक ऑब्जेक्ट हा शब्द रुळला तो टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली मांडलेल्या एका पेपरनंतर. पुढे २००७ मध्ये जेरार्ड मेस्झारोस यांनी या सगळ्या तोतयांना मिळून 'टेस्ट डबल' असं नाव दिलं. सिनेमात हिरोऐवजी दुसऱ्या मजल्यावरून उडी मारतो त्या डुप्लिकेटवरून. तेव्हा ही काही आळशी मुलांची युक्ती नाही, चांगली शहाणी माणसं ती वापरतात. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी स्टबवर बंदी घाला म्हणते आहे.

असो. आमच्या एकसष्ट टेस्ट झाल्या. सगळ्या मिळून दोन सेकंदात धावायच्या, शेवटी हिरवी ओळ, आणि आम्ही तिचा स्क्रीनशॉट काढून रिपोर्टमध्ये रंगीत छापला.

मधल्या काळात लातूरने मेथड पूर्ण केली. करताना त्याच्या लक्षात आलं की रविवारच्या अर्ध्या खाड्यामुळे उत्तर साडेचार, साडेपाच असं येतंय. त्याला ते आवडलं नाही. त्याने दिवसांऐवजी जेवणाच्या वेळा मोजायला सुरुवात केली. साडेचार दिवस म्हणजे नऊ वेळा, प्रश्न मिटला. निर्णय अगदी योग्य होता, मीही तोच घेतला असता. त्याने ग्रुपवर तसा मेसेजही टाकला होता, पण पी.एल.च्या तोंडावर त्या ग्रुपवर रोज शंभर मेसेज येत होते आणि त्यातले नव्वद नोट्स मागणारे होते. मेथडचं नाव तेच राहिलं. उत्तराचा अर्थ बदलला. माझा बिलाचा कोड येईल त्या आकड्याला दिवसाच्या शंभराने गुणत राहिला.

आणि माझ्या टेस्ट? त्यांना लातूरची मेथड कधी भेटलीच नव्हती. त्यांच्यासाठी मागच्या बाकावरचा तो आवाज अजूनही 'चार' म्हणत होता. एकसष्टच्या एकसष्ट हिरव्या.

गणपतीच्या सुटीनंतरच्या महिनाअखेरीला बिलं लागली. बासष्ट जणांचे खाडे होते, एकूण पाचशे बारा वेळा. पन्नासने गुणलं तर पंचवीस हजार सहाशे वजा व्हायला हवे होते. झाले एक्कावन्न हजार दोनशे. बासष्टपैकी एकानेही तक्रार केली नाही हे इथे मुद्दाम नोंदवते.

काका दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले. म्हणाले, "ताई, या पोरांचे खाडे डबल धरलेत बघा. किराणावाल्याचं द्यायचंय मला." त्यावर मी काय म्हटलं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "काका, आमच्या एकसष्ट टेस्ट पास झाल्यात. तुमच्याच बेरजेत काहीतरी राहिलं असेल." ते थोडा वेळ उभे राहिले, मग "असेल बाई" म्हणून गेले. इतकी वर्षं बिनचूक हिशोब ठेवणारा माणूस एका हिरव्या ओळीपुढे गप्प बसला, आणि ती ओळ मी रंगवलेली होती.

चूक सापडली ती आमच्यामुळे नाही, माझ्या बाबांमुळे. ते बँकेत आहेत. मी दर महिन्याला बिलाचा फोटो त्यांना पाठवते. त्यांचा फोन आला, "अगं, तू घरी पाच दिवस होतीस, त्यात रविवार. मग नऊशे कसे कमी झाले?" पाच सेकंद मी काही बोलले नाही. बाबांना वाटलं रेंज गेली.

त्या रात्री मी आणि लातूर कॉमन रूममध्ये बसलो. (रेक्टर मॅडमची परवानगी होती!) त्याने एक प्रयोग करायचं सुचवलं. आपल्या खाडे मोजणाऱ्या मेथडच्या आतलं सगळं काढून त्याने तिथे 'शून्य परत दे' एवढंच लिहिलं. म्हणजे आता कोणी कितीही दिवस घरी जावो, खाडे शून्य. आणि टेस्ट चालवल्या. एकसष्टपैकी अठ्ठावन्न हिरव्याच! तीन लाल झाल्या, त्या त्याने स्वतःच्या मेथडसाठी नंतर भर घालून लिहिलेल्या. माझ्या सगळ्या हिरव्या. प्रोजेक्टचा जीव काढून घेतला तरी माझ्या टेस्टना त्याचा पत्ता नव्हता.

मला तेव्हा फर्स्ट इयरचं फिजिक्स प्रॅक्टिकल आठवलं. आपण सगळ्यांनी तिथे जे केलंय ते मी इथे उघड करणार नाही, फक्त इतकंच म्हणते की ग्राफ आधी आणि रीडिंग नंतर. सरळ रेषा यायलाच हवी हे माहीत असतं, म्हणून रेषा काढून तिच्यावरून उलटे आकडे लिहायचे. माझ्या टेस्टनी नेमकं तेच केलं होतं. खाडे चार धरायचे हे मीच ठरवलं, चार म्हणजे चार दिवस हेही मीच ठरवलं, आणि मग माझा कोड माझ्याशी सहमत आहे का ते तपासलं. तो होताच की.

आता कोणी म्हणेल, चार पोरांच्या मिनी प्रोजेक्टवरून केवढा हा गाजावाजा. म्हणून एक मोठं उदाहरण देते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान-५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. सुमारे चाळीस सेकंदांत ते आकाशातच फुटले आणि त्यावरील चार क्लस्टर उपग्रह गेले. रॉकेटची दिशा आणि हालचाल सांगणाऱ्या इनर्शियल रेफरन्स सिस्टिमचे सॉफ्टवेअर एरियान-४ वरून जवळजवळ जसेच्या तसे घेतले होते. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांशातली संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. त्या पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७. नवे रॉकेट आडवा वेग जुन्यापेक्षा फार लवकर घेत होते, संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही होती, पण तिच्यात तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही बंद. एवढी गोष्ट आपल्याला लेक्चरला सांगतात, आणि 'टाइप कन्व्हर्जन सांभाळून करा' म्हणून पुढे जातात.

पण गणितज्ञ जाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैत दिलेल्या अहवालात आणखी एक मुद्दा आहे, तो लेक्चरला येत नाही. उड्डाणाआधी संपूर्ण प्रणालीच्या ज्या एकत्रित चाचण्या झाल्या, त्यात ही इनर्शियल यंत्रणा नव्हतीच! तिच्या जागी तिच्यासारखी उत्तरं देणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. म्हणजे स्टब. आणि का बसवलं याची कारणं वाचली तर हसू येत नाही, कारण ती आपलीच आहेत. ही यंत्रणा स्वतंत्रपणे तपासून झाली आहे. खरी जोडली तर तिला द्यायचे सिग्नल पुरेसे अचूक बनवता येत नाहीत. बिघाडाचे प्रकार खऱ्या यंत्रावर करून बघता येत नाहीत. प्रत्येक कारण सुटं घेतलं तर पटतं. अपघातानंतर त्या यंत्रणेचं खरं सॉफ्टवेअर घेऊन, त्याला प्रत्यक्ष उड्डाणातला मार्ग देऊन संगणकावर चालवलं, तर तो सगळा बिघाड जसाच्या तसा पुन्हा घडला. जमिनीवर! ते आधी करता आलं असतं, असंच मंडळाचंही म्हणणं पडलं.

तर माझं मत हे. बाहेरच्या जगाला खुशाल स्टब करा, आपल्याच मॉडेलला करू नका. बाहेरचं जग म्हणजे काय? घड्याळ. 'आदल्या रात्री आठच्या आत' हा नियम तपासायचा तर टेस्टसाठी रात्रीचे आठ वाजेपर्यंत बसून राहायचं का? तिथे 'आता सात एकोणसाठ झाले' असं सांगणारा तोतया लागतोच. एसएमएस पाठवणारी सेवा. तिथे मॉक हवा, नाहीतर प्रत्येक टेस्टला काकांच्या फोनवर 'आपले बिल तयार आहे' वाजत राहील आणि एसएमएसचे पैसे आपल्या खिशातून जातील. ऑनलाइन पैसे भरण्याचं गेटवे. ते बंद पडलं तर आपला कोड काय करतो हे बघायला ते खरंच बंद पडायची वाट बघणार का? पण आपला विद्यार्थी, आपला खाडा, आपलं बिल हे आपल्याच घरात आहेत, हाक मारली तर खरे येतात. मग प्रॉक्सी कशाला?

याला विरोध करणारी माणसं आहेत, आणि ती माझ्यापेक्षा फार मोठी आहेत. मॉकच्या त्या पहिल्या पेपरवाल्यांपैकी स्टीव्ह फ्रीमन यांनी नॅट प्राइस यांच्याबरोबर २००९ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचा सल्ला ऐकायला माझ्या बरोबर उलटा आहे. जे तुमच्या मालकीचं आहे त्यालाच मॉक करा, दुसऱ्याच्या लायब्ररीला नाही. मी जरा बिचकले. पण त्यांचं म्हणणं असं की बाहेरच्या सेवेभोवती आधी आपलं एक पातळ आवरण लिहावं आणि मॉक त्या आवरणाला करावं, म्हणजे कुठली वस्तू कुठल्या वस्तूला काय विचारते ते डिझाइन करतानाच स्पष्ट होतं. साध्या आकड्यांना, मूल्यांना मॉक करू नका असं तेही सांगतात. शिवाय सगळी प्रणाली या टोकापासून त्या टोकापर्यंत खरी चालवणारी टेस्ट ते सर्वात आधी लिहितात. माझ्याकडे ती एकही नव्हती. ती एक असती तर बाकीच्या साठ स्टब करून खपल्या असत्या, हे मी मान्य करते.

दुसरा बचाव वेगाचा. आता आमच्या टेस्ट खऱ्या डेटाबेसवर धावतात, दोन सेकंदांऐवजी चाळीस सेकंद लागतात. माझ्या लॅपटॉपचा पंखा सुरू होतो. पण चाळीस सेकंदात मी काय तीर मारणार होते? बाटली भरून आणते.

तिसरा बचाव हत्यारांचा, आणि तो मला स्वतःला सर्वात धोकादायक वाटतो. पायथनमध्ये २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून मॉकची लायब्ररी भाषेसोबतच येते. साधा मॉक इतका होयबा असतो की नसलेली मेथड मागितली तरी 'आहे ना' म्हणून हातात आणखी एक मॉक ठेवतो. तपासणीच्या ओळीतच 'असर्ट'चं टायपिंग चुकून 'अस्रेट' झालं तरी जुन्या आवृत्त्यांत टेस्ट गुमान पास व्हायची. ३.५ आवृत्तीत तेवढी चूक पकडायची खास सोय करावी लागली! आता 'ऑटोस्पेक' आहे. त्याने तोतया खऱ्या मेथडचं नाव आणि तिला काय काय द्यावं लागतं ते जुळवून बघतो. रूबीच्या आरस्पेकनेही २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तशीच पडताळणी आणली. वापरा, जरूर वापरा. पण आमच्या बाबतीत नाव तेच होतं, द्यायचं तेच होतं, परत येणारा पूर्णांकच होता. दिवस की वेळा, हे जगातल्या कुठल्याही ऑटोस्पेकला कळत नाही.

आता थोडं सर आणि मॅडम लोकांशी, आदर राखून. आपल्याकडे प्रोजेक्टच्या टर्मवर्कमध्ये टेस्टिंगला मार्क आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ते मिळतात टेस्ट किती, कव्हरेज किती टक्के आणि हिरव्या ओळीचा स्क्रीनशॉट आहे का यावर. मग सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर काय चालतं? जे अडेल ते स्टब करा. माझ्या बिलाच्या फाइलचं कव्हरेज शंभर टक्के होतं. त्या शंभर टक्क्यांसाठी मला मार्कही पूर्ण मिळाले, आणि ते परत घ्या असं म्हणण्याइतकी मी महान नाही. पण ओरलला एक्स्टर्नलनी एवढंच करावं. कोडमधली कुठलीही एक महत्त्वाची ओळ मुद्दाम बिघडवावी, अधिकचं उणे करावं, आणि विद्यार्थ्याला टेस्ट चालवायला सांगावं. काहीच लाल झालं नाही तर मार्क कापावेत. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, त्यावरचा डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांचा गाजलेला पेपर १९७८ चा आहे. म्हणजे कल्पना आपल्या बऱ्याच सरांइतकी जुनी आहे. एका ग्रुपला पाच मिनिटं पुरतात. लातूरने कॉमन रूममध्ये दोन मिनिटांत केलं होतं.

पंचवीस हजार सहाशे रुपये पुढच्या महिन्याच्या बिलात लावून काकांना मिळाले. बिल कमी आलं तेव्हा शून्य तक्रारी होत्या, फरक लावला तेव्हा नोटीस बोर्डावर माझ्या नावाने दोन चारोळ्या लागल्या. एक बरी होती. मी काकांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "चालायचंच ताई, मशीन आहे ते." मशीनचा काही दोष नव्हता हे मी त्यांना तीनदा सांगितलं, त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मग मी त्यांच्याकडून लाल वही मागून घेतली. तीन महिन्यांच्या नोंदी जशाच्या तशा डेटाबेसमध्ये भरल्या, नावांच्या जागी नंबर टाकले, आणि दर महिन्याची काकांची बेरीज हेच बरोबर उत्तर धरून नव्या टेस्ट लिहिल्या. एकही स्टब नाही, घड्याळाचा सोडून. पहिल्या दिवशी चार लाल! तीन आमच्याच चुका निघाल्या. त्यातली एक तर महिन्याच्या एकतीस तारखेची होती आणि पुढच्या जानेवारीपर्यंत कोणाच्या लक्षात आली नसती.

चौथी काही केल्या सुटेना. एका मुलाचा वहीत खाडाच नाही, पण बिलातून दोनशे वजा. मला जरा बरं वाटलं, खरं सांगते. वही घेऊन काकांकडे गेले आणि ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"ताप होता त्याला. दोन दिवस नुसती पेज पाठवली मी रूमवर. तीन दिवस भरले नाहीत म्हणून काय पैसे घ्यायचे?"

ही नोंद कुठल्या कॉलममध्ये टाकायची यावर माझं आणि लातूरचं भांडण अजून चालू आहे. ती टेस्ट सध्या लालच ठेवली आहे.